धूर दिसेल तिकडं वळा

त्या शनिवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेले ती स्वतःच्याच लग्नाला हरकत घ्यायला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार उपासनेत त्याची सूचना वाचतात. अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी यांचा विवाह होऊ घातला आहे, कोणाची रास्त हरकत असल्यास कळवावी. दोन रविवार आमची नावं वाचून झाली होती. दोन्ही वेळा मी मान खाली घालून पदराच्या काठाशी चाळा करत बसले होते आणि मागच्या बाकांवरच्या बायका खुसखुसत होत्या. तिसरा रविवार उद्यावर आला होता. आणि मी मात्र सकाळची शाळा सुटल्यावर डबासुद्धा न उघडता, उद्या नावं वाचू नका, असं सांगायला निघाले होते. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला पाच दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. विश्वास म्हणजे काय, हे मी दर गुरुवारी महिला मंडळात इतर बायकांना समजावून सांगत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा माझ्याजवळ तो चिमूटभरही नव्हता.

ज्यांच्याशी माझं लग्न ठरलं होतं ते दानिएल, अंबडच्या अग्निशमन गाडीवर फायरमन. मूळचे हसनाबादजवळच्या एका खेड्यातले. गावात ख्रिस्ती घरं दोनच, एक यांचं आणि दुसरं यांच्या चुलत्याचं. मी अंबडला चौथीच्या वर्गाला शिकवते. आगीपासून बचाव कसा करावा हे मुलांना दाखवायला हे आमच्या शाळेत आले, मैदानावर गॅसची टाकी पेटवली आणि म्हणाले, कुणीतरी पुढं येऊन ओलं गोणपाट टाकून विझवा. मुलं सोडाच, शिक्षकसुद्धा मागं सरकले. मुख्याध्यापकांनी माझं नाव घेतलं, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी मीच. मी गोणपाट टाकलं ते टाकीवर पडलंच नाही, यांच्या बुटांवर पडलं. हे शांतपणे म्हणाले, "बूट विझले मॅडम, आता टाकी विझवा." सगळी शाळा हसली. मला राग आला आणि त्याच वेळी, खरं सांगते, हा माणूस मनातून गेला नाही.

याला थोडीफार काही इंग्रजी पुस्तकंही जबाबदार आहेत. माझ्या आत्याकडे जालन्याला एक परदेशी बाई कधीकाळी राहून गेल्या होत्या. जाताना त्यांनी कादंबऱ्यांचा एक खोका मागे ठेवला. त्यातल्या निम्म्या कादंबऱ्या आग विझवणाऱ्या तरुणांच्या होत्या. कुणीतरी लपून आगी लावतंय, कोण ते कळत नाही, नायकाचा देवावरचा विश्वास उडालेला आणि नायिका त्याच्यासाठी प्रार्थना करतेय. प्रेम, देव आणि रहस्य, तिन्ही एकाच पुस्तकात. मी शब्दकोश मांडीवर घेऊन त्या वाचल्या आणि गुरुवारी बायबल अभ्यास संपला की महिला मंडळात मराठीतून सांगायला लागले. उंच इमारतीऐवजी कापसाची गंजी करायची, कॉफीऐवजी चहा, बाकी तसंच. बायका चटया गुंडाळायचं नाव घेत नसत. "त्याला पुढल्या गुरुवारपर्यंत धुरात नको ठिवू गं, लेकरू मरंल," असं एक आजी मला दर वेळी सांगायच्या. मी हसून म्हणायचे, आजी, मरत नाही, शेवटून दुसऱ्या प्रकरणात देव येतोच. पुढे दानिएलचं स्थळ आलं तेव्हा या बायकांना कोण आनंद झाला. आता गोष्ट सांगायला नको, म्हणाल्या, आता आम्ही डोळ्यांनीच बघू.

पण गोष्ट सांगणारीला ठाऊक होतं की पुस्तकात वास नसतो. माझे वडील दवाखान्यात भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात ड्रेसिंग करायचे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जात असे आणि दाराबाहेर बाकावर बसत असे. आतून येणारे आवाज आणि तो वास मला आजही आठवतो, त्यावर जास्त लिहीत नाही. वडील बाहेर येऊन तीनतीनदा हात धूत आणि मग माझ्या डोक्यावर ठेवत. त्यामुळे दुसऱ्या रविवारनंतर, सोमवारी, रसवंतीवर भेटलो तेव्हा यांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी दिसली आणि मी उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवला. कडब्याची गंजी पेटली होती, तिचा एक भाग अंगावर कोसळला, एवढंच त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, ऑफिसात बदली मागा. टेबलावरचं काम मिळतं, मी चौकशी केली आहे. त्यांनी ग्लासातला रस संपवला. मग म्हणाले, "मागीन. पण तिकडं फोन वाजला की माझे पाय उठतीलच. मंग त्या खुर्चीचा काय फायदा? मी तुम्हाला खोटा शबूद देणार न्हाई." मी म्हणाले, मग तिसऱ्या रविवारचं मलाही बघावं लागेल. ग्लास तसाच ठेवून मी निघून आले. त्यांनी हाक मारली नाही. त्यांनी हाक मारली नाही याचा राग तर मला पट्टीपेक्षाही जास्त आला.

त्या आठवड्यात मी देवाकडे खूण मागितली. आमच्या घरी वचनांची एक डबी आहे, शास्त्रातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या तिच्यात असतात आणि नव्या वर्षाला प्रत्येकाने एक उचलायची असते. मी भर वैशाखात ती डबी काढली. पहिली चिठ्ठी मनासारखी आली नाही म्हणून दुसरी उचलली, दुसरीही नको म्हणून तिसरी. तिसरीत द्राक्षमळ्याचं काहीतरी होतं. माझा आणि द्राक्षमळ्याचा काय संबंध? मी डबी बंद केली. देव बोलत नाही असं मनाने घेतलं. मीच बोलू देत नव्हते हे तेव्हा सुचलं नाही.

तर शनिवारी भर दुपारी मी पाळकसाहेबांच्या ओसरीत बसले. पाळकीणबाईंनी पन्हं दिलं, चेहरा बघून काही विचारलं नाही. पाळकसाहेब साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इतकी वर्षं सूचना वाचून राह्यलो, पण स्वतःच्याच लग्नाला हरकत घेणारी तू पहिलीच. हरकत लेखी लागते बेटा. लिही." त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. मी लिहिलं, मला भीती वाटते. त्यापुढे काही सुचेना. चौथीच्या मुलांना दहा ओळींचा निबंध लिहायला लावणारी मी, तीन शब्दांवर अडून बसले. त्यांनी कागद घेतला, वाचला आणि म्हणाले, "भीती हाय, हे बराबर. पण रास्त हरकत हाय का, ते मला ठरवू दे." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावरच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करत. ते इतके मोठ्याने बोलत होते की मला सगळं ऐकू आलं. जिनिंगला आग लागली होती, अंबडची गाडी पोचली होती, आणि दानू आत गेला होता.

पाळकसाहेबांनी कागद खिशात घातला आणि स्कूटर काढली. ती स्कूटर चाळिसाच्या वर जात नाही हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. त्या दिवशीही गेली नाही. मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात त्यांना, स्कूटरला आणि खड्ड्यांना बोल लावत होते. त्यांचे ओठ हलताना आरशात दिसत होते. ते प्रार्थना करत होते. मी करत नव्हते, मला जमतच नव्हतं. दुरूनच धूर दिसायला लागला. काळा नाही, राखाडी-पांढरा, कापसाचा असतो तसा, आणि वारा पडल्यामुळे सरळ वर चाललेला.

जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरकी काढलेल्या रुईचे ढीग पेटले होते. शेडच्या मागे एक खोली होती. तिथे दोन मजूर बाया जेवायला बसल्या होत्या आणि त्यांची वाट बंद झाली होती. यांनी एकीला काढून आणलं होतं आणि दुसरीसाठी परत आत गेले होते. अशा वेळी मागचा माणूस पाण्याची धार आत जाणाऱ्याच्या आजूबाजूला धरून ठेवतो, भोवती पाण्याची छत्री उघडल्यासारखी. त्या छत्रीखालून जायचं आणि त्याच छत्रीखालून परत यायचं. गाडीचे ड्रायव्हर काका पंपापाशी उभे होते, त्यांचा डोळा टाकीतलं पाणी दाखवणाऱ्या काट्यावर होता. मी जवळ गेले तेव्हा ते पाळकसाहेबांना हळूच म्हणाले, "पाणी संपत आलंय. चार-पाच मिन्टं निघतील. जालन्याची गाडी निघालीय, पण तिला अर्धा तास हाय." जिनिंगची विहीर पन्नास पावलांवर होती, तिच्यात पाणीही होतं, पण आगीमुळे लाईट बंद करावी लागली होती आणि लाईटशिवाय मोटर चालत नव्हती. लोक बादल्या घेऊन धावत होते. त्या आगीपुढे बादली म्हणजे काय, ते त्यांनाही दिसत होतं, तरी धावत होते.

प्रार्थना कशी करावी हे मी मुलांना शिकवते. आधी उपकार मानायचे, मग चुका कबूल करायच्या, मग मागायचं. त्या दिवशी मी मागण्यापासूनच सुरुवात केली. पाणी दे, पाणी दे, पाणी दे. मग म्हणाले, बदली नको, काही नको, नोकरी राहू दे, मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं की मी सौदा करतेय. आणि सौद्यात द्यायला माझ्याकडे होतं काय? हा माणूस माझा नव्हताच. मी पाच दिवस त्यांना कुणाच्या तरी हातातून ओढून घेऊ बघत होते आणि तो हात देवाचा होता. मी गाडीच्या चाकाला धरून खाली बसले आणि म्हणाले, "बापा, ते तुझेच आहेत. तुला हवं ते कर." हे म्हणताना मला शांत वाटलं असं कुणी समजू नये. मला ते म्हणताना मरणाचं दुःख झालं. पण म्हणाले ते खरं म्हणाले. त्या वेळी पाणी आलेलं नव्हतं, हे मुद्दाम नमूद करते.

आणि मग फाटकातून एक ट्रॅक्टर आत आला. त्याच्यामागे पाण्याचा टँकर, टँकरला झेंडूची माळ, बोनेटवर आंब्याचे टहाळे. चालवणारा पन्नाशीचा माणूस, कोरं धोतर, अंगात नवा सदरा आणि डोक्याला गुलाबी फेटा. तो मोठ्या तोऱ्यात आत आला आणि मध्यावर थांबून चारी बाजूंना बघायला लागला. मी अगदी जवळ होते. तो मलाच म्हणाला, "बाई, लगीन कुठंय?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, "दादा, माझा माणूस आत आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी यांना माझा माणूस म्हणाले आणि ते एका अनोळखी फेटेवाल्याला सांगितलं. ड्रायव्हर काका धावत आले होते. टँकरकडे बोट करून त्यांनी विचारलं, भरलेला आहे का? तो म्हणाला, "गच्च." मग त्याने शेडकडे पाहिलं, हातातल्या घड्याळात पाहिलं आणि त्याचा चेहरा क्षणभर पार उतरला. ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. मग त्याने फेटा काढून सीटवर ठेवला, खाली उडी मारली आणि टँकरचं वरचं झाकण उघडत म्हणाला, "घ्या. जल्दी करा, बघत काय राह्यले?" काकांनी जाड पाइप झाकणातून आत सोडला आणि पंपाला जोडला. आत धरलेली धार तोवर वाकत, दोन हातांवर येऊन पडायला लागली होती. ती थरथरली, खोकल्यासारखा आवाज झाला आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. हे बाहेर आले ते वाकून, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बाईला छातीशी धरून. लोकांनी तिला घेतलं. ती खोकत होती, रडत होती, जिवंत होती. हे तिथेच मातीत बसले. चेहरा काळा, पट्टी भिजून लोंबत होती, पापण्या करपल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "आज शाळा न्हाई का तुम्हाला?" मी म्हणाले, शनिवार आहे, सकाळचीच असते. इतकी साधी वाक्यं मी कधी इतकी रडत बोलले नाही.

फेटेवाला मात्र गेला नाही. कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. ढीग दाताळ्यांनी ओढून, उलगडून, एकेक थर भिजवावा लागतो, नाहीतर तासाभरात पुन्हा पेट घेते. तो नवा सदरा कोपरापर्यंत सारून तो दाताळं ओढत होता. त्याचा फोन सारखा वाजत होता. एकदा त्याने तो उचलला आणि ओरडून म्हणाला, "आलो गं, आलो! पाणी न्हाई आता, पण मी येतो!" जालन्याची गाडी आली, टँकर तळाला गेला, तेव्हा त्याने फेटा उचलला, डोक्यावर कसाबसा ठेवला आणि रिकामा टँकर खडखडवत निघून गेला. नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. परत येताना पाळकसाहेबांनी खिशात हात घातला. पाण्याच्या फवाऱ्यात माझ्या हरकतीचा लगदा झाला होता. त्यांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, "वाचता येईना. दुसरी लिहितेस का?" मी मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिसरी सूचना वाचली गेली. यांचा घसा बसला होता, त्यामुळे गीतं यांनी नुसते ओठ हलवून म्हटली. महिला मंडळातल्या त्या आजी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "शेवटून दुसरं परकरण हेच का गं?"

पाऊसकाळ संपला, आमचं लग्न झालं, आणि दिवाळीच्या सुमारास यांनी तो टँकर शोधून काढला. टँकरच्या मागे गावाचं नाव रंगवलेलं होतं आणि ते यांच्या लक्षात राहिलं होतं. धुरातून बाहेर आलेल्या माणसाने ते कसं वाचलं, देव जाणे. आम्ही एक साडी आणि धोतराचं पान घेऊन गेलो. ते दादा गोठ्यात होते. आम्हाला ओळखल्यावर हात धुवून आले आणि त्यांनी झालेली सगळी हकीकत सांगितली. त्या दिवशी त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. लग्न व्याह्यांच्या शेतात मांडव टाकून होतं आणि ती जागा दादांनी कधी पाहिली नव्हती. मामाचा आहेर म्हणून पाणी मी आणतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. वाट विचारायला फोन केला तेव्हा बहीण घाईत म्हणाली, रस्त्याने सरळ ये, आचाऱ्यांनी चुली पेटवल्यात, धूर दिसेल तिकडं वळ. "मी धूर पाह्यला आन वळलो," दादा म्हणाले. "म्हनलं, व्याही लई जोरात दिसतेत, किती मानसं जेवायला हायेत की!" हे आणि दादा पोट धरून हसले. मीही हसले. पण त्या दिवशी उतरलेला त्यांचा चेहरा मला आठवला. आमच्या भागात नवरीला मांडवात मामाच घेऊन येतो. मामा नाही तर नवरी नाही.

ती भाची दिवाळीसाठी आजोळी आलेली होती. चहा घेऊन बाहेर आली. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. मी तिला साडी दिली आणि म्हणाले, ताई, तुमच्या लग्नाचं पाणी आम्ही घेतलं. ती म्हणाली, "व्हय. दोनची अक्षता साडेचारला पडली. वऱ्हाड तहानेनं बोंबलून राह्यलं होतं, नवऱ्याचा काका तर रुसून गाडीत जाऊन बसला. सासरी अजून मला बिनपान्याची नवरी म्हनतेत." असं म्हणून ती हसली, पण पुरतं हसली नाही. मग पदर सावरत खाली बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तव्हा मांडवाच्या मागं बसून रडून राह्यले होते. देवाला म्हनत होते, माझ्या मामाला जल्दी पाठव. वाटंत कुठं थांबू देऊ नको."

मी कप खाली ठेवला. त्याच दुपारी, त्याच उन्हात, तिथून चार-पाच मैलांवर मी चाकाला धरून पाणी मागत होते. एकाच टँकरसाठी आम्ही दोघी देवाला हाका मारत होतो. मला तिची कल्पना नव्हती, तिला माझी नव्हती. माझं ऐकलं गेलं याचे मी महिनोन्महिने मंडळीत उभी राहून उपकार मानले होते, साक्ष दिली होती, टाळ्या घेतल्या होत्या. आणि माझं ऐकलं गेलं त्या वेळी हिचं मागे राहिलं होतं. मी तिचा हात धरला. म्हणाले, "तुमचा राग नाही ना?" ती म्हणाली, "तव्हा होता. देवावर होता. मंग मामा आला, तोंड काळं, सदऱ्याला कापूस चिकटलेला, आन म्हनला, बाई, एक मानूस वाचला. मंग कशाचा राग? पन तव्हा कुनी सांगायला पायजे होतं मला, की तुझा मामा येऊन राह्यलाय, फक्त वाटंत एक काम हाय."

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. हे अजून गाडीवरच आहेत. फोन वाजला की जेवणावरून उठतात, मी ताट झाकून ठेवते आणि ते देवाचे आहेत असं म्हणते, दर वेळी नव्याने, कारण एकदा म्हणून भागत नाही. आमच्या घरी मूल नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, उपवास-प्रार्थना झाल्या. मंडळीतल्या बायका मायेनेच विचारतात, आणि मी मायेनेच उत्तर देते. पूर्वीची मी असते तर वचनांची डबी पालथी केली असती आणि देवाशी भांडून बोलणं टाकलं असतं. भांडते अजून, नाही असं नाही. स्वयंपाकघरात एकटी असले की रडते. पण मग मला मांडवाच्या मागे बसलेली ती मुलगी दिसते. तिचा मामा कुठे हरवला नव्हता, तिला विसरला नव्हता. तो माझ्या दाराशी होता आणि मला वाचवत होता.

म्हणून डोळे पुसून मी एवढंच म्हणते, बापा, जे माझ्यासाठी निघालंय ते वाटेत कुणाच्या कामी आलं असेल, तर येऊ दे सावकाश. तिकडचं आटपू दे आधी. मी इथेच आहे.